राख न धरलेलं वर्ष

आमचे घरमालक रोज पहाटे काडीपेटी मागायला यायचे. विडी ते ओढत नव्हते. चूल होती, पण ती पेटवायला त्यांच्याच कोनाड्यात काड्यांनी भरलेली पेटी असायची, हे मी त्यांची भाडेकरू म्हणून रोज बघत होते. तरी दार वाजायचं आणि बाहेरून आवाज यायचा, "काडीपेटी हाय का?" मी पेटी घेऊन दारात गेले की ते पेटीकडे बघायचेसुद्धा नाहीत. माझ्या तोंडाकडे बघायचे, "असू दे, असू दे" म्हणायचे आणि पुढच्या दाराला जायचे.

म्हातारपणी माणसाचं असंच काहीतरी होतं, असं म्हणून वस्तीने ते सोडून दिलं होतं. मी मात्र तो आवाज ऐकला की अंथरुणात घामाने भिजून जायचे. का, ते सांगायचं तर आधी राखेचं सांगायला हवं.

आमची वस्ती भवानीनगरहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या अलीकडे. पंचवीसेक घरं आम्हा कॅथलिकांची, त्यांना चिकटून बौद्धांची आळी, आणि मग जिकडे बघावं तिकडे ऊस. नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा मी श्रीरामपूरकडून लग्न होऊन तिथे आले. आमचे हे साखर कारखान्यात फिटर. मी घरी शिलाई मशीन चालवायचे. दोन खोल्या ज्यांच्या घेतल्या ते गृहस्थ आयुष्यभर पोरांना धर्मशिकवण देत आलेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला.

फादर बारामतीहून पंधरा दिवसांतून एकदा मोटारसायकलवर यायचे. मधल्या रविवारी प्रार्थना मास्तर घ्यायचे, आणि त्यात जांभई दिलेली त्यांना चालायची नाही. प्रार्थना थांबवून ते जांभई संपेपर्यंत त्या माणसाकडे बघत उभे राहायचे. फादर तरुण होते, वसईकडचे. घाईत एखादी प्रार्थना गाळायला लागले की मास्तर बाजूला उभे राहून खोकायचे. मग फादर गुमान मागे जाऊन गाळलेलं म्हणून घ्यायचे. एवढे शिकलेले फादर, पण त्या खोकल्याला वचकून असायचे.

आमच्यात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्याचा पहिला दिवस राखेचा बुधवार. त्या सकाळी फादर प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढतात आणि सांगतात, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. ही राख साधीसुधी नसते. आदल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या आशीर्वाद देऊन वाटल्या, त्या वर्षभर घरात क्रुसामागे खोचून ठेवायच्या, आणि मग जाळून त्यांचीच राख करायची. ही राख करण्याचा मान आमच्याकडे मास्तरांचा होता. ते त्याला मान म्हणायचे नाहीत, जोखीम म्हणायचे.

झावळ्या ओढ्याकाठच्या शिंदीच्या. त्या कापून आणायचे मास्तर, वाटायचे मास्तर. देताना घरात जितकी माणसं तितक्या दोऱ्याच्या गाठी देठाला मारून द्यायचे. राखेच्या बुधवाराच्या आधी आठवडाभर पोतं घेऊन दारोदार फिरून त्या परत गोळा करायचे, आणि एखाद्या घरी झावळी हरवलेली निघाली तर त्या घराची धडगत नसायची. "शेरडानं खाल्ली? आशीर्वादाची झावळी शेरडानं खाल्ली आन् तू बघत बसलीस? उद्या कपाळाला काय शेरडाच्या लेंड्या लावायच्या?" बायका तोंडाला पदर लावून ऐकून घ्यायच्या.

आणि बुधवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की ते राखेचा डबा हातात धरून दारात उभे राहायचे, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं कपाळ बघायचे. "धरली," म्हणायचे. "धरली. धरली." राख नीट धरली आहे एवढाच त्याचा अर्थ. ती सूर्य बुडेपर्यंत पुसायची नाही, धुवायची नाही. दुपारी वस्तीतून एक चक्कर मारून ते पुन्हा कपाळं तपासायचे.

मी तिथे जाण्याच्या आधी एका वर्षी वस्तीतल्या एका ट्रॅक्टरवाल्याने कुठल्याशा लग्नाला जायचं म्हणून राख पुसून टाकली होती. मास्तरांनी त्याला रस्त्यात गाठलं, बराच वेळ कपाळाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पुसलीस व्हय?" ईस्टरच्या आठवड्यात उसाने भरलेली ट्रॉली उलटून तो तिच्याखाली सापडून मेला. लोकांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. तेव्हापासून वस्तीत पक्कं झालं, की ज्याच्या कपाळावर राख धरत नाही तो पुढची राख बघत नाही. मास्तरांनी स्वतः असं कधी म्हटलं नाही. पण कुणी त्यांच्यासमोर म्हटलं तर ते गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणंच जास्त वाईट होतं.

मी हे सगळं ऐकून पहिल्यांदा हसले होते. आमच्याकडेही राखेचा बुधवार होता, पण तिकडे राखेने कुणी मरत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या झावळ्यांच्या रविवारी मला तिसरा महिना होता. अजून पोटही दिसत नव्हतं, तरी मास्तरांनी आमच्या झावळीला तीन गाठी मारल्या. मी लाजले. जूनमध्ये, पाचव्या महिन्यात, ते मूल गेलं. झावळी क्रुसामागे तशीच होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. पुढच्या राखेच्या वेळी मास्तर पोतं घेऊन आले तेव्हा मी पुन्हा सहा महिन्यांची पोटुशी होते. त्यांनी झावळी हातात घेतली, उंबऱ्यावर बसले आणि नखांनी तिसरी गाठ सोडवायला लागले. दोरा सुकून घट्ट बसला होता. त्यांना बराच वेळ लागला. गाठ सुटल्यावर दोऱ्याचा तुकडा त्यांनी खिशात ठेवला, माझ्या पोटाकडे एकदा बघितलं आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवसापासून माझं हसणं संपलं.

त्या बुधवारी पहाटे मिस्साला चर्च भरलं होतं, कारण आठची पाळी गाठायची सगळ्यांनाच घाई. फादरांनाही आणखी दोन वस्त्या करायच्या होत्या. मी अवघडलेली म्हणून बायकांच्या बाजूला शेवटी, दाराजवळ बसले होते. आमचे हे पुढे, पुरुषांत. मी रांगेतून पुढे गेले, फादरांनी कपाळावर अंगठा टेकवला आणि मला काहीतरी खरबरीत लागलं, वाळू चोळल्यासारखं. जागेवर येऊन बसले तोवर नाकावरून कण घसरत होते. हनुवटीवर, पोटावर, पातळावर राखच राख. मी हळूच कपाळाला बोट लावलं. कपाळावर काहीच नव्हतं.

मी पदर पुढे ओढला. मिस्सा संपल्याबरोबर सगळ्यांच्या आधी मी उठले, कारण मला कुणालाच कपाळ दाखवायचं नव्हतं. पण दारात मास्तर उभे होतेच. त्यांनी नेहमीसारखी मान वाकवून पदराखाली बघितलं. "धरली" म्हणायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. त्यांच्या हातातल्या डब्याचं झाकण खाली पडून घरंगळत गेलं. मी ते उचललं नाही. तशा अवघडलेल्या अंगाने जमेल तेवढी मी घराकडे धावले.

घरी आले, कडी लावली आणि चुलीतली राख चिमटीत घेतली. खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून ती कालवली आणि आरशात बघून स्वतःच्या हाताने स्वतःच्या कपाळावर क्रूस काढला. तो वाकडाच येत होता, तीनदा पुसून पुन्हा काढावा लागला. आशीर्वादाच्या राखेऐवजी चुलीतली राख! पाप झालं हे मला कळत होतं. पण त्या उघड्या कपाळाने दिवसभर वावरणं मला शक्यच नव्हतं.

दुपारी नळावर गेले तर वस्तीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. मी एकेकीचं कपाळ चोरून बघत होते. सगळ्यांच्या कपाळावर काळेभोर ठसठशीत क्रूस. शेजारच्या रोझाबाईचा तर इतका स्पष्ट की लांबून दिसावा. म्हणजे राख सगळ्यांची धरली होती, फक्त माझी गळाली होती. हंडा भरून वाहायला लागला तरी मला भान नव्हतं. रोझाबाईनेच नळ बंद केला.

नवऱ्याला सांगायचा धीर झाला नाही. पलीकडच्या आळीतल्या सुमनकाकूंना सांगितलं. त्या बौद्ध, त्यांचा राखेशी काही संबंध नाही म्हणून सांगणं सोपं वाटलं. त्या ज्वारी निवडत होत्या. मी सांगून रडायला लागले तर म्हणाल्या, "येडी का खुळी तू? कपाळावरचं लिवनं आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच पुसून टाकलं. तुमी मातूर दरसाल नव्यानं लिवून घेताय." मला थोडं हसू आलं. त्यांनी सुपातले खडे बाजूला टाकले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पर खरंच समदी गळाली व्हय गं? थोडी बी न्हाय राहिली?" माझं हसू तिथेच विरलं.

काडीपेटी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मास्तर सगळ्याच दारांत जातात हे मला माहीत होतं. पण मी मनाशी म्हटलं, बाकीची दारं नावाला. मास्तर खरे येतात ते माझ्यासाठी, मी उठले की नाही हे बघायला.

दिवसाही त्यांनी माझी पाठ सोडली नाही. मी पाण्याला निघाले की मास्तर दहा पावलं मागे. नळापर्यंतच्या वाटेवरचे दगड एके दिवशी गायब झाले, ते मास्तरांनी वेचून टाकले होते. मी विहिरीच्या बाजूने निघाले की मागून खोकला यायचा, फादरांसाठी खोकायचे तसाच, आणि मी गुमान वाट बदलायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा किती जीव लावतो भाडेकरणीला. मला वाटायचं, जाणाऱ्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायला असंच मागे मागे चालतात.

एप्रिलमध्ये बारामतीला डॉक्टरांकडे दाखवायला निघाले तर एसटीत मागच्या बाकावर मास्तर. आमच्या ह्यांना रजा मिळाली नव्हती. दवाखान्यात मास्तर पोटुशा बायकांच्या रांगेत, बाकावर, टोपी मांडीवर घेऊन बसले. नर्सने विचारलं, "बाबा, तुम्ही पेशंटचे कोण?" तर ताठ बसून म्हणाले, "घरमालक." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले असते, पण तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "बाळ पायाळू दिसतंय. डोकं वर आहे. वेळ आहे अजून, फिरेल." बाहेर आले तर मास्तर उभेच. "काय म्हनल्या?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांना बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात महिने मोजत होते.

बाळ फिरलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी कळा सुरू झाल्या. गळीत संपून कारखाना बंद होता, कामगार यंत्रं खोलून बसले होते. ह्यांना निरोप द्यायला मास्तर त्या उन्हात अनवाणी पळत गेले आणि कारखान्याची जीप घेऊन आले. दवाखान्यात मला आत नेताना मी वळून बघितलं. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि माझ्या कपाळाकडे बघत होते. तेव्हा मला खात्रीच झाली की मी बाहेर येत नाही.

मी बाहेर आले. मुलगी झाली, पायाकडून झाली, निळी पडली होती, पण रडली. मी म्हटलं, सुटले. आणि त्याच रात्री तिला कुशीत घेतल्यावर मनात आलं, राख गळाली तेव्हा कपाळ एक होतं, पण जीव दोन होते. मग गळाली ती कुणाची? मी वाचले, म्हणजे तिची. तिसऱ्या दिवशी मास्तर फादरांना घेऊन दवाखान्यात हजर झाले. "बाप्तिस्मा आजच द्या," म्हणून हटून बसले. आमच्यात एवढी घाई फक्त जे बाळ जगायची खात्री नसते त्याची करतात. फादर बिचकत माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "द्या."

नंतरचे सहा महिने मी झोपले असं मला आठवत नाही. तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. मशीनवर बसले तरी पाय थांबवून तिचा श्वास ऐकायचे. आमचे हे चिडायचे, मग तेही उठून बोट धरून बघायचे, आणि मला वाटायचं, ह्यांना काहीच माहीत नसून हे का घाबरतात? दर पहाटे दार वाजायचं. "काडीपेटी हाय का?" आता मास्तर माझ्या तोंडाकडे बघून झालं की मान लांब करून पाळण्याकडेही बघायचे.

नाताळच्या आधी मुलीला ताप भरला. दोन दिवस उतरेना. तिसऱ्या पहाटे दार वाजलं, "काडीपेटी..." आणि माझ्यात काय संचारलं कुणास ठाऊक. मी दार उघडून काडीपेटी त्यांच्या छातीवर फेकली. काड्या उंबरठाभर पसरल्या.

"काय दिसलं तुम्हाला माझ्या कपाळावर?" मी ओरडले. "सांगून टाका एकदाचं! मी जाणार का पोरगी जाणार? रोज येऊन काय बघता?"

मास्तर खाली बसले. एकेक काडी वेचून पेटीत भरायला लागले. सगळ्या भरून होईपर्यंत वर बघितलं नाही.

"तुझ्या एकटीच्या न्हाय गं पोरी," ते म्हणाले. "समद्यांच्या."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. गोळा केलेल्या झावळ्यांचं पोतं त्यांनी कोपऱ्यात ठेवलं होतं. मंगळवारी जाळायला म्हणून उघडलं तर आत वाळवी. पंचवीस घरांच्या झावळ्यांची नुसती माती झालेली.

"समद्यांना शिव्या घातल्या हुत्या मी, शेरडानं खाल्ली म्हनून. आता कुठल्या तोंडानं सांगू, माझ्याच घरात वाळवीनं खाल्ली?" ते म्हणाले. "कारखान्याच्या मागं बॉयलरच्या राखेचा ढीग हाय. घमेलंभर आनली. म्हनलं, ऊस बी पालाच, शिंदी बी पालाच. चाळली, पर ती रेतीवानी. कपाळाला ऱ्हायनाच. तू पयली भाईर आलीस. मला वाटलं, तुझ्यापुरतं आसंल. मग दुसरी आली, तिसरी आली. बाया पदर वढून, गडी टोपी खाली करून. एकाच्या बी कपाळावर राख न्हाय. समदी वस्तीच, पोरी. समदी वस्ती माझ्यापायी."

"पण मी दुपारी बघितलं ना! सगळ्यांच्या कपाळावर होती!"

"तुझ्या बी हुती की. कुठली हुती ती?"

माझी नजर चुलीकडे गेली. 

"म्हनून रोज बघतो," मास्तर म्हणाले. "समदी उठली का न्हाय. दारात जाऊन, जिती हायसा का, आसं इचारता येतं व्हय? मग काडीपेटी मागतो. तुझ्यात दोन जीव हुते, म्हनून तुझ्यामागं जरा जास्ती."

"आणि फादर? त्यांना सांगितलं?"

"कन्फेसात, पापं कबूल करताना, सांगितलं. म्हनले, राख काय, राखच हाय, देव मन बघतो. पोर हाय ते. मानसं मरताना बघितल्यात किती त्येनं?" मग माझ्याकडे बघून हात जोडले. "कुनाला सांगू नगं. राखेच्या बुधवारपातूर समदी ऱ्हाऊ देत. मग मीच सांगन."

मी कबूल केलं. मुलीचा ताप त्याच दिवशी संध्याकाळी उतरला, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली. पण माझ्या पोटात काही राहत नाही. जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं. ह्यांचा घास हातात राहिला.

"माझी बी गळाली हुती," हे म्हणाले. "मी वर्कशॉपात जाऊन ग्रीसचं बोट लावलं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि इतकं हसलो की मुलगी दचकून उठली. नऊ महिने एका खोलीत, एका अंथरुणावर, दोघंही मरणाला भीत पडून होतो, आणि दोघांनीही एकमेकांना सुगावा लागू दिला नव्हता. हसता हसता मी रडायला लागले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी पाळीवर एकाला सांगितलं. दोन दिवसांत वस्तीभर झालं. कुणी काजळ लावलं होतं, कुणी तव्याची काजळी, रोझाबाईने बुटाचं पॉलिश. प्रत्येक घरात कुणीतरी वर्षभर गुपचूप मरत होतं. ते सगळं भय एकदम हसण्यावारी निघालं, आणि सगळं हसणं गेलं मास्तरांच्या अंगावर.

"मास्तर, औंदा कुठल्या बॉयलरची?" ते झावळ्या गोळा करायला निघाले की पोरंटोरंही विचारायची. मास्तर मान खाली घालून पोतं पुढे करायचे. माझ्या दारात आले तेव्हा मी झावळी त्यांच्या हातात दिली. तिला तीन गाठी होत्या आणि तिन्ही तशाच राहणार होत्या. मी म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं." ते म्हणाले, "बरं झालं. लोकं हसली तर खरी." पण माझ्याकडे बघितलं नाही. मी दिलेला शब्द मोडला होता, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

बुधवारी राख मऊ होती, पिठासारखी. कपाळावर बसली ती बसलीच. मिस्सा संपली तरी मास्तर दारात डबा धरून जमिनीकडे बघत उभे होते. लोक बाहेर पडत होते आणि कुणाचंच कपाळ ते बघत नव्हते. कुणी चेष्टाही केली नाही. उलट सगळे त्यांच्यापुढे पाऊलभर थांबत होते, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखे, आणि तसेच पुढे जात होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हटलेच नाही. मुलीला त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"मास्तर, बघा ना हिची."

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. तिच्या इवल्याशा कपाळावर वाकडातिकडा काळा क्रूस होता. त्यांनी चष्मा सारखा केला.

"धरली," ते म्हणाले.  मग माझ्याकडे बघितलं. "धरली." मागच्या रोझाबाईकडे. "धरली." पुढे गेलेली माणसंसुद्धा परत फिरली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

मला वाटलं, संपलं एकदाचं. सगळी जिवंत होती, नवी राख धरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निवांत झोपले होते. दार वाजलं.

"काडीपेटी हाय का?"

त्यानंतर ते कधीच थांबले नाहीत. ऊन असो, थंडी असो. मोजायची सवय लागली होती, की भीती तिथेच मुक्कामाला राहिली होती, मला ठाऊक नाही. बौद्धांच्या आळीतही जायला लागले. सुमनकाकू म्हणायच्या, "मास्तर, आमच्या कपाळाला तर राख बी न्हाय," तर म्हणायचे, "तुमी उठलाय न्हवं? मग झालं." आम्हीही सवयीने पेटी उंबऱ्याशी ठेवायला लागलो. मुलगी चालायला लागल्यावर दार तीच उघडायची आणि पेटी पुढे करायची. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जायचे.

ती चार वर्षांची असताना एका पहाटे मी जागी झाले, ती दार वाजलं नाही म्हणून. उजाडलं होतं. बाहेर आले. रोझाबाई तिच्या दारात उभी होती, पलीकडे तिचा मुलगा, त्याच्यापुढे आणखी दोन घरं, आळीच्या तोंडाशी सुमनकाकू.  प्रत्येकाच्या हातात काडीपेटी होती.

सगळ्यांत जवळचं दार माझंच होतं. मुलगी माझं पातळ धरून मागे मागे आली. मी मास्तरांच्या दाराशी गेले, कडीवर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांत विसरलेली भीती मला पुन्हा लागली. 

"मास्तर," मी हाक मारली, "काडीपेटी हाय का?"